पाच बीनबॅग आणि एक वही

विद्यापीठाच्या इन्क्युबेशन सेंटरमध्ये, म्हणजे नव्या धंद्यांना पायावर उभं राहायला मदत करणाऱ्या जागेत, मी आणि माझा पार्टनर दीड वर्ष होतो. गेल्या महिन्यात कपाटाची किल्ली परत केली. अनामत रक्कम अजून आलेली नाही, पण ती येईपर्यंत थांबले तर हे लिहायचं राहूनच जाईल.

आम्ही कुबडीच्या खालचं रबरी बूच बनवतो. हे सांगितलं की समोरचा "आणि?" म्हणून थांबतो. आणि काही नाही. बूचच.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल तक्रार आहे ते आणि ज्यांचं कौतुक करायचंय ते एकाच इमारतीत बसतात, आणि अशा वेळी फटका हमखास कौतुकवाल्यांना बसतो.

आधी मिळतं काय ते सांगते. निवड झाली की काचेच्या भिंतींच्या हॉलमध्ये एक टेबल, दोन खुर्च्या, एक कपाट, इंटरनेट, आणि कोपऱ्यात सगळ्यांसाठी मिळून पाच बीनबॅग. महिन्याला चार तास मेंटॉर. सुरुवातीला दहा आठवड्यांचा कोर्स. वर्कशॉपचा पास. हप्त्याहप्त्याने येणारं अनुदान. शिवाय कायद्याचा सल्ला, म्हणजे आठवड्यातून एकदा येणारे एक वकील, ज्यांची खुर्ची मी बहुतेक वेळा रिकामीच पाहिली. बीनबॅगबद्दल एवढंच की त्यातून उठायचं तर लॅपटॉप आधी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यावा लागतो. फोटोत मात्र झकास दिसतात.

या असल्या जागांना इन्क्युबेटर का म्हणतात, हे मला तिथल्या कोणीच सांगितलं नाही. मीच शोधून काढलं. 1959 साली न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावात जोसेफ मॅन्कुसो यांनी शेतीयंत्रांचा एक बंद पडलेला अवाढव्य कारखाना तुकड्यातुकड्यांनी छोट्या धंद्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यातला एक भाडेकरू कोंबडीची पिल्लं उबवणारा होता. त्यावरून मॅन्कुसो थट्टेने आपल्या जागेलाच इन्क्युबेटर, म्हणजे उबवणी यंत्र, म्हणायला लागले आणि ते नाव जगभर चिकटलं. तिथे पिल्लं खरीखुरी होती. आमच्या हॉलमध्ये पिल्लापेक्षा पिल्लाच्या स्लाइड जास्त बनतात.

आम्हीही तेच करत आत शिरलो, हे कबूल करायला हवं. आमची मूळ कल्पना होती 'स्मार्ट कुबडी': दांड्यात सेन्सर, मोबाईलवर ॲप, रोज किती पावलं चाललात, कुठल्या हातावर किती भार पडला, याचा आलेख थेट फिजिओथेरपिस्टकडे. निवड समितीतल्या पाच जणांनी माना डोलावल्या. एकाने विचारलं, "मार्केट किती मोठं?" आम्ही मोठ्ठा आकडा सांगितला. दुसऱ्याने विचारलं, "डेटा विकता येईल का?" कुबडी वापरणारं माणूस तुम्ही कधी जवळून पाहिलंय का, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्ही तिथेच आडवे झालो असतो. तसं जवळून पाहिलेलं आमच्या ओळखीत कोणीच नव्हतं.

सेंटरबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. तिथे वाईट कल्पना कोणी अडवत नाही. आमची अडली ती सेंटरच्या बाहेर, त्याच मजल्यावर, कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला.

तिथे एक खोली आहे. दारावर नवी पाटी 'समाज सहभाग कक्ष', आणि तिच्या मागून जुनी 'विस्तार विभाग' ही पाटी अर्धी डोकावते. आत एक मॅडम, एक मदतनीस, दोन कपाटं आणि एक वही. वही म्हणजे लांब हिशेबाची असते तसली, पुठ्ठ्याची. विद्यार्थ्यांना भेटायला तयार असलेली घरं, संस्था, पुनर्वसन केंद्रं, वृद्धांचे गट असं सगळं त्यात हाताने लिहिलेलं. रकाने पाच: कोण गेलं, कधी गेलं, काय विचारलं, काय घेऊन आलं, आणि शेवटचा, 'परत काय दिलं'.

नियम एकच. तुमच्या डिपार्टमेंटच्या आधीच्या टीमने शेवटचा रकाना रिकामा ठेवला असेल, तर त्या घरी तुम्हाला पाठवत नाहीत. आधीचं देणं फेडा, मग जा. आमच्या डिपार्टमेंटची अशी चार घरं बंद होती. कधीकाळी कोणीतरी मोजमापं घेऊन, फोटो काढून गेलं होतं आणि पुन्हा फिरकलं नव्हतं. एका घराची उधारी आम्ही फेडली: आठ वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा प्रोजेक्टचा अहवाल शोधून, तो सोप्या भाषेत दोन पानांत लिहून नेऊन दिला. त्या बाईंनी तो वाचला, घडी घालून ठेवला आणि म्हणाल्या, "एवढंच होतं होय त्यात?"

अमेरिकेत कार्नेगी फाउंडेशनच्या नावाने 2006 पासून समाजाशी जोडून काम करणाऱ्या विद्यापीठांना एक वेगळा दर्जा दिला जातो, आणि त्याच्या व्याख्येत परस्पर लाभ, परस्पर देवाणघेवाण हे शब्द आहेत. आमच्या कुलगुरूंच्या भाषणातही ते येतात. भाषण मी दोनदा ऐकलं. पण परस्पर म्हणजे काय ते मला त्या पाचव्या रकान्याने समजावलं.

मॅडमनी पहिल्यांदा आम्हाला परतच पाठवलं होतं. आम्ही 42 प्रश्नांची प्रश्नावली नेली होती. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि 38 प्रश्नांवर रेघ मारली. उरलेल्या चारांकडे बघून म्हणाल्या, "हेपण दुसऱ्या भेटीला. पहिल्या भेटीत कुबडी बघायची. तोंड बंद."

तोंड बंद ठेवणं काही मला जमलं नाही. पहिल्याच घरी, एका आजींसमोर, मी सेन्सरची कुबडी काढून ॲप दाखवायला लागले. आजींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "बाळा, पावलं मीच टाकते ना? मला माहीत असतात." आणि स्वतःची कुबडी उलटी करून माझ्या मांडीवर ठेवली. "हे बघ आधी."

बूच एका बाजूने झिजून तिरकं झालं होतं, खोडरबर एकाच कोपऱ्याने वापरल्यावर होतं ना, तसं. दुसऱ्या बाजूला अजून नक्षी शाबूत होती. झिजलेल्या बाजूने ॲल्युमिनियमच्या नळीची कड चमकत होती, आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी तारेने आवळून बांधलेली. तारेचं टोक आत वळवलेलं, लादीवर ओरखडा उठू नये म्हणून. ते टोक वळवण्यात जितका विचार होता तितका आमच्या अख्ख्या ॲपमध्ये नव्हता.

त्या महिन्यात आम्ही 31 कुबड्या उलट्या करून पाहिल्या. कुबडी जमिनीला सरळ काटकोनात टेकत नाही. ज्याच्या त्याच्या चालीप्रमाणे ती एका कडेवर आधी टेकते, म्हणून तीच कड झिजते. बूच अधूनमधून थोडं फिरवून बसवलं तर झीज वाटली जाते. इतकी साधी गोष्ट, पण त्या 31 जणांपैकी कुणालाच कोणी सांगितली नव्हती. दुसरी भानगड मापाची. नळी 19 मिलिमीटरची आणि बूच 22 चं, मग मध्ये कापड कोंबलेलं. तिसरी आतली: बुचाच्या तळाशी धातूची चकती नसेल तर नळीची कड रबर कापत कापत खाली येते, आणि बाहेरून चांगलं दिसणारं बूच एके दिवशी ओल्या फरशीवर दगा देतं.

असं तोंडावर आपटणारे आम्ही पहिले नव्हतो, एवढंच समाधान. एमआयटीतल्या एमॉस विंटर यांच्या गटाने खडबडीत रस्त्यांसाठी तरफांवर चालणारी, सायकलच्या सुट्या भागांची व्हीलचेअर केली. तिचा आधीचा नमुना बाहेर छान चालायचा, पण घरात वावरायला फार रुंद आणि जड होता, हे वापरणाऱ्यांनी सांगितल्यावर कळलं. स्टॅनफर्डच्या एका कोर्समध्ये 2007 साली काही विद्यार्थ्यांना अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी स्वस्त इन्क्युबेटर बनवायचं काम मिळालं. त्यातला एक नेपाळला गेला, तर रुग्णालयात इन्क्युबेटर होते, पण रिकामे. बाळं जन्मत होती लांबच्या गावांत, जिथे वीजही धड नव्हती. मग त्यांनी पेटीच सोडली आणि झोपायच्या पिशवीसारखं आवरण केलं, ज्यात मेणासारख्या पदार्थाची पुडी तासन् तास बाळाला अंगाच्या उबेइतकं ऊबदार ठेवते. 'एम्ब्रेस' ते हेच. आमच्या कोर्समध्ये ही गोष्ट स्लाइडवर होती. पण तिथे ती 'कथा कशी सांगावी' याचं उदाहरण म्हणून होती! नेपाळचं तिकीट कोणी काढून दिलं, हा प्रश्न मी विचारला. उत्तर आलं, "वेळ झाली, पुढची स्लाइड."

कोर्सबद्दल आणखी एक. 2011 साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने 'आय-कॉर्प्स' हा संशोधनातून धंदा उभा करू पाहणाऱ्यांसाठीचा कोर्स सुरू केला. त्यात टीमने काही आठवड्यांत शंभरेक संभाव्य ग्राहकांना भेटून यायचं असतं. आमच्या सेंटरने तो शंभरचा आकडा उचलला आणि बाहेर पडायचं तेवढं विसरलं. मग सगळे एकमेकांच्याच मुलाखती घेत बसले. माझ्या एका रूममेटने त्या सत्रात ज्येष्ठ नागरिक, माळी, नवमाता आणि मालवाहू ट्रकचा मालक अशा चार भूमिका निभावल्या. ट्रकमालक फार सुंदर केला तिने.

मेंटॉरांविषयी माझं मत मिश्र आहे. आम्हाला दिलेले गृहस्थ सॉफ्टवेअर कंपनी चालवायचे. पहिल्याच तासाला म्हणाले, "बूच सबस्क्रिप्शनवर द्या." बाहेर येऊन आम्ही पोट धरून हसलो. वर्षभराने बघते तर काय, बूच ठरावीक काळाने बदलावंच लागतं, माणसं विसरतात, आणि आम्ही आता मेसेज पाठवून आठवण करतो, नवं घरपोच देतो. नाव काहीही द्या, ते सबस्क्रिप्शनच झालं. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. बाकी 'स्केल करा' यापलीकडे त्यांच्याकडून फार काही मिळालं नाही, आणि रबराबद्दल तर त्यांना आमच्याहून कमी कळत होतं.

रबर कळत होतं मामांना.

मामा म्हणजे वर्कशॉपमधले तंत्रज्ञ. सेंटरच्या वेबसाइटवर 23 मेंटॉरांचे फोटो आहेत, त्यात मामा नाहीत. आमचा पहिला साचा आम्ही कॉम्प्युटरवर मोठ्या ऐटीत काढून नेला. मामांनी ड्रॉइंग उभं धरलं, आडवं धरलं. "उतार कुठाय?" मधली खुंटी, जिच्याभोवती बुचाचं भोक तयार होतं, ती आम्ही वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची काढली होती. "हे आत जाईल. बाहेर कोण काढणार, तू?" तरी आम्ही हट्टाने तसाच साचा केला. पहिलं बूच शिजलं आणि खुंटीला असं चिकटलं की पक्कड, साबणाचं पाणी, माझ्या पार्टनरचं अख्खं वजन, सगळं लावून निघालं तेव्हा त्याचे दोन तुकडे होते. मामा शेजारी उभे राहून दुसऱ्याच कुणाचं तरी काम बघत होते. हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

दुसऱ्या साच्यात उतार आला, पण तळाला बुडबुडे. मग त्यांनी प्रेसवर, म्हणजे साच्यातलं रबर दाबणाऱ्या यंत्रावर, हात ठेवून दाखवलं: एकदा दाबायचं, किंचित सोडायचं, हवेला जाऊ द्यायचं, परत दाबायचं. "रबराला श्वास सोडू द्यावा लागतो." तिसऱ्या दिवशी साचा उघडला आणि एक काळं, गुळगुळीत, वासाने डोकं उठवणारं बूच सुटून हातात आलं. कडेला साच्याच्या फटीतून निघालेली रबराची पातळ पाकळी. ती कात्रीने कशी गोल फिरवून काढायची हेही मामांनीच शिकवलं. ते पहिलं बूच माझ्याकडे आहे. पाकळीसकट.

वर्कशॉपची वेळ मात्र सकाळी दहा ते साडेपाच, म्हणजे बरोबर लेक्चरची वेळ. ज्या विद्यार्थ्यांसाठी पास आहे ते मोकळे होईपर्यंत शटर खाली येतं. काचेचा हॉल 24 तास उघडा, प्रेस साडेपाचला बंद. संध्याकाळची परवानगी मिळवायला आम्हाला चार अर्ज करावे लागले, आणि शेवटी मामांनी स्वतःच्या जबाबदारीवर आठवड्यातले दोन दिवस थांबायचं कबूल केलं म्हणून निभावलं. त्याचे जादा पैसे त्यांना मिळतात का, हे मी विचारलं. त्यांनी विषय बदलला.

अनुदान खरं आहे, मिळतं. पण खर्च करायला खरेदी विभागातून जावं लागतं आणि प्रत्येक वस्तूला तीन कोटेशन. आम्हाला हवं होतं पाच किलो रबर कंपाउंड. टनाच्या हिशेबात विकणारे लोक पाच किलोचं कोटेशन का देतील? एकाने दिलं, तेही कीव येऊन. अकरा आठवडे गेले. तेवढ्यात आम्ही खिशातून माल आणून दोन साचे करून मोकळे झालो होतो. मंजुरी आली तेव्हा पत्रात लिहिलं होतं की मंजुरीपूर्वीचा खर्च ग्राह्य धरला जाणार नाही.

आता पेटंटचं. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये नवव्या पानावर एक कलम आहे: विद्यापीठाच्या साधनांचा 'लक्षणीय वापर' झाला असेल तर शोधावर हक्क विद्यापीठाचा. लक्षणीय म्हणजे किती? प्रेसचे दोन तास? दोनशे? बीनबॅग धरायच्या का? मी लेखी विचारलं. सात आठवड्यांनी लेखी उत्तर आलं: प्रकरणपरत्वे ठरवले जाईल. ही भीती येते कुठून तेही समजतं. 1980 च्या बे-डोल कायद्यानंतर अमेरिकन विद्यापीठांना सरकारी पैशातून झालेल्या शोधांचे हक्क स्वतःकडे ठेवता यायला लागले. गुगलच्या पेजरँकचं, म्हणजे शोधात कुठलं पान वर दाखवायचं ते ठरवणाऱ्या पद्धतीचं, पेटंट स्टॅनफर्डचं होतं. ते वापरायच्या परवान्यापोटी गुगलकडून मिळालेले शेअर्स विकून 2005 पर्यंत विद्यापीठाने 33.6 कोटी डॉलर मिळवले. तेव्हापासून जगभरातल्या पेटंट कक्षांना प्रत्येक विद्यार्थ्यात तो परवाना दिसतो. आमच्या बुचात तो दिसणं कठीण होतं, म्हणून शेवटी फाईल आपोआपच थंड झाली. ज्यांचं काम बुचाहून मोठं आहे त्यांनी ते नववं पान सही करायच्या आधी वाचावं आणि 'लक्षणीय' शब्दापुढे तासांचा आकडा लिहून मागावा.

एक गोष्ट राहिली, टेस्टिंगची. चालायच्या साधनांच्या बुचांसाठी आयएसओ 24415 नावाचं मानक आहे. पहिला भाग घर्षणाचा, दुसरा कुबडीच्या बुचांच्या टिकाऊपणाचा. घर्षण मोजायला लागणाऱ्या यंत्रासारखं यंत्र आमच्याच विद्यापीठात, दोन इमारती सोडून, मटेरियलच्या लॅबमध्ये आहे. सेंटरला पत्ता नव्हता. आम्हाला कळलं ते पीएचडी करणाऱ्या एका ताईमुळे, तीही वर्कशॉपमध्ये मामांकडे काही कापायला आली होती म्हणून. ओल्या फरशीवरच्या चाचण्या तिने सुट्टीत करून दिल्या. तिच्या गाइडना आम्ही रीतसर पत्र लिहून आभार मानले, तर त्यांनी उलट विचारलं, "ही कंपनी आपल्याच कॅम्पसवर आहे?"

डेमो डेला, म्हणजे सगळ्या टीम स्टेजवर आपापलं काम दाखवतात त्या दिवशी, आम्हाला 'सामाजिक प्रभाव' गटात टाकलं. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी सेंटरमधून फोन: आजींना स्टेजवर आणता येईल का, दोन मिनिटं बोलतील. मॅडमनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. पण आजींना विचारायला तरी हवं म्हणून मी गेले. त्यांनी विचारलं, "स्टेजला पायऱ्या किती?" मी मोजून आले. सात. कठडा नाही, उतार नाही. "मग तुझे साहेब खाली येऊ देत," आजी म्हणाल्या. साहेब खाली आले नाहीत. आम्हाला दुसरा नंबर मिळाला, पहिला माती न लागणाऱ्या बुटांना.

पाचपैकी किती, असं विचारणारे असतातच. सेंटरला अडीच. मॅडमच्या खोलीला आणि मामांना पाच, पण ते दोघंही सेंटरच्या हिशेबात धरले जात नाहीत. वर्कशॉप यांत्रिकी विभागाचं आणि कक्ष कुलसचिवांचा. माहितीपुस्तिकेतली त्यांची जागा शेवटच्या पानावर, पार्किंगच्या नकाशाच्या वर. अर्ज करायचाच असेल तर करा, मी अडवणार नाही. आम्ही तिथे गेलो नसतो तर आज बूच नसतं. फक्त पहिल्या आठवड्यात बीनबॅगकडे न जाता कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला जा. प्रश्नावली नेऊ नका, लाल पेन वाया जातं. आणि वर्कशॉपच्या संध्याकाळच्या वेळेचा अर्ज पहिल्याच दिवशी टाका.

दीड वर्ष संपलं की पास त्याच दिवशी बंद होतो, हेही लक्षात असू द्या. मुदत संपायला पंधरा दिवस असताना आम्ही जागा शोधायला लागलो, ते फार उशिरा. आता एका जुन्या प्रेसवर भाड्याने काम करतो, आठवड्यातून तीन दिवस. साचे आमचे. मामा एकदा येऊन प्रेस बघून गेले आणि जाताना म्हणाले, "प्लेट वाकडी आहे, पण चालेल."

किल्ली परत केली त्या दिवशी मी मॅडमकडे गेले आणि वहीतल्या आजींच्या ओळीतला शेवटचा रकाना भरला: बूच 2 नग, 22 मिमी, चकतीसह, दर सहा आठवड्यांनी फिरवून देणे. मॅडमनी वाचलं आणि 'देणे' या शब्दाखाली रेघ मारली. "कोण देणार, ते लिही." मी माझं नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला. येत्या मंगळवारी जायचंय. डावीकडचं ठीक आहे, उजवीकडचं फिरवायला झालंय.